सनद कुणाच्या हाती?

१९८७ साली अमेरिकेतले एक शिक्षक-पुढारी जर्मनीतल्या कोलोन शहरात एक शाळा बघायला गेले. होल्वाइड भागातली ती सरकारी शाळा. तिथे शिक्षकांचा एक गट पाचवीची मुलं हाती घ्यायचा आणि दहावीपर्यंत त्यांना सोडायचा नाही. कुणी कोणता तास घ्यायचा, वेळापत्रक कसं लावायचं, हे तो गटच ठरवायचा. हे पाहुणे म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर. मार्च १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात त्यांनी तीच कल्पना अमेरिकेपुढे ठेवली: शिक्षकांच्या छोट्या गटांना आपली शाळा उभी करू द्या, काही वर्षं नियमांचा काच सैल करा आणि मुलं शिकतात का ते बघा.

या कल्पनेला नाव मिळालं ते रे बडी या मॅसॅच्युसेट्समधल्या प्राध्यापकाच्या लिखाणातून. ते नाव म्हणजे ‘चार्टर’. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात या शब्दाला ‘सनद’ म्हणतात. सनद घेऊन आलेली कंपनी पुढे काय करते, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

फी नाही, पण सरकारीही नाही

चार्टर शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ उघडली. शिक्षकांनीच काढलेली ही शाळा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी होती. आज चाळीसहून अधिक राज्यांत चार्टर शाळा आहेत आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुलं शिकतात.

रचना अशी: पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा. फी घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. मूल शाळेत आलं की त्याच्या नावचं दरडोई अनुदान त्याच्यामागे येतं. सनद ठरावीक मुदतीची, बहुधा पाच वर्षांची असते. निकाल बरा नसला किंवा हिशेब बिघडला तर ती रद्द होते. याच्या बदल्यात शाळेला शिक्षक नेमण्याची, पगार ठरवण्याची आणि तासांची आखणी करण्याची मोकळीक मिळते.

खटकलं ते इथेच. शँकर यांना ही मोकळीक शिक्षकासाठी हवी होती. कायद्यात उतरताना ती व्यवस्थापनाकडे गेली. अमेरिकेत जिल्ह्याच्या शाळांतले पगार सहसा तक्त्यानुसार ठरतात, सेवेची वर्षं आणि पदवी यांच्या हिशेबाने. अनेक राज्यांत चार्टर शाळांना तो तक्ता लागू नाही आणि बहुतेक चार्टर शाळांत युनियनही नाही. पुढे शाळा चालवणाऱ्या मोठ्या साखळ्या आल्या, नफा कमावणाऱ्या कंपन्याही आल्या. १९९७ मध्ये शँकर वारले, पण त्याआधीच ते आपल्या या कल्पनेपासून दूर झाले होते.

वादळानंतरची शाळा

या प्रयोगाचं सगळ्यात मोठं मैदान ठरलं न्यू ऑर्लिन्स. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ आलं, बंधारे फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तिथल्या सरकारी शाळांची अवस्था त्याआधीही वाईटच होती. नोव्हेंबरमध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने शंभरहून अधिक शाळा शहराच्या मंडळाकडून काढून राज्याच्या ताब्यात दिल्या. सात हजारांवर कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं गेलं. घर वाहून गेलेल्या शिक्षिकेच्या हाती नोकरी गेल्याचं पत्र पडलं. कर्मचारी कोर्टात गेले, पण २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

राज्याने त्या शाळा हळूहळू चार्टर संस्थांना दिल्या. निकाल सुधारले, हे नाकारता येत नाही. टुलेन विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ डग्लस हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात परीक्षेतले गुण वाढलेले दिसले, शाळा पूर्ण करणाऱ्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांचं प्रमाणही वाढलं. पण याच संशोधकांनी जमाखर्चही तपासला. तुलनेच्या जिल्ह्यांच्या मानाने दर मुलामागचा खर्च सुमारे १३ टक्क्यांनी वाढला होता. त्यातला प्रशासनावरचा खर्च ६६ टक्क्यांनी वाढला आणि प्रत्यक्ष शिकवण्यावरचा सुमारे १० टक्क्यांनी घटला. अनुभवी शिक्षक गेले होते आणि त्यांच्या जागी तरुण, कमी पगाराचे आले होते. वादळाआधी शहरातले सुमारे ७१ टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. २०१४ पर्यंत हे प्रमाण निम्म्याखाली आलं.

देशपातळीवरचं चित्र संमिश्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ केंद्राने २००९ मध्ये पाहणी केली तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांहून सरस निघाल्या, तर ३७ टक्के त्यांच्याहून वाईट. २०२३ च्या पाहणीत चार्टरची मुलं सरासरीने किंचित पुढे दिसली. बॉस्टनमध्ये सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा चार्टरची बाजू स्पष्ट वरचढ ठरली. उलट ऑनलाइन चार्टर शाळांचे निकाल निराशाजनक निघाले. पाटीवर ‘चार्टर’ लिहिलेलं वाचून आतला वर्ग कसा आहे ते कळत नाही.

पगारवाढ नाकारणारे शिक्षक

२२ फेब्रुवारी २०१८ ला वेस्ट व्हर्जिनिया या खाणकामगारांच्या राज्यात सगळ्या ५५ काउंटींमधल्या शाळा बंद पडल्या. तिथे शिक्षकांच्या संपाला कायद्याने परवानगी नव्हती. पगार देशात तळाशी, त्यात आरोग्य विम्याचा हप्ता वाढत चाललेला. दुपारच्या जेवणासाठी शाळेवर अवलंबून असलेल्या मुलांना संपकरी शिक्षकांनीच डबे पोचवले. शाळेचे नऊ दिवस बुडाले आणि शेवटी पाच टक्के वाढ पदरात पडली. तो वणवा पुढे ओक्लाहोमा आणि ॲरिझोनाला पोचला.

पुढच्या वर्षी त्याच राज्यात एक विधेयक आलं. त्यात आणखी पगारवाढ होती आणि सोबत चार्टर शाळांना परवानगीही होती. शिक्षक पुन्हा रस्त्यावर उतरले, या वेळी पगारवाढ असलेल्याच विधेयकाविरुद्ध! ते विधेयक बारगळलं. मात्र जूनमध्ये नव्या कायद्याने मोजक्या चार्टर शाळांना वाट मोकळी झाली.

दरम्यान डिसेंबर २०१८ मध्ये शिकागोत ‘असेरो’ या चार्टर साखळीतल्या पाचशेवर शिक्षकांनी चार दिवस संप केला. अमेरिकेतल्या चार्टर साखळीतला हा पहिला संप. मागणी साधी होती: शेजारच्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाइतका पगार द्या.

आपल्या मस्टरवर

पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. आपली खासगी अनुदानित शाळा हेच तर आहे. फरक हा, की आपल्याकडे सरकारने शिक्षकाचा पगार आणि त्याची नोकरी दोन्ही बांधून घेतली. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा त्यासाठीच होता. मग तिजोरीला भार झाला तशा पळवाटा निघाल्या. २००० मध्ये शिक्षण सेवक आला: तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. हे मानधन शाळेच्या स्तरानुसार सहा, आठ, नऊ हजारांवर वर्षानुवर्षं अडकलं आणि २०२३ मध्ये सोळा, अठरा, वीस हजार झालं. ‘कायम विनाअनुदानित’ शाळा आल्या. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द गेला, पण अनुदान वीस वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी आलं आणि एकेका टप्प्यासाठी शिक्षकांना मुंबईत आझाद मैदान गाठावं लागलं.

त्यामुळे आज एकाच स्टाफरूममध्ये, एकाच मस्टरवर सही करणारे तीन शिक्षक तीन वेगवेगळ्या पगारांवर एकच गणित शिकवताना दिसतात. अमेरिकेला त्यासाठी दोन वेगळ्या शाळा लागल्या, आपण ते एका छताखाली जमवलं.

आणि न्यू ऑर्लिन्स? ज्या शहरात जवळपास सगळ्या शाळा चार्टर झाल्या होत्या, तिथे २०२४ मध्ये शाळा मंडळाने स्वतः चालवायची एक शाळा उघडली. तिला नाव दिलं शहरातल्या लाडक्या स्वयंपाकीण लिआ चेस यांचं. अनेक वर्षांनंतर त्या शहरात पुन्हा काही शिक्षकांच्या नेमणुकीच्या पत्रावर थेट मंडळाची सही झाली.