पेन ड्राइव्हचा वेग : वेष्टनावरचा आणि खरा

स्नेहसंमेलन आटोपलें कीं आमच्या बडनेऱ्यांत घरोघर एकच मागणी सुरू होते : नाटकाचें चित्रण पाहिजे. ज्याच्यापाशीं तें असतें त्याच्या संगणकापुढें मुलें पेन ड्राइव्ह घेऊन रांगेनें उभीं राहतात. अशाच एका रांगेंत एका मुलीचें काम दोन मिनिटांत झालें. तिच्या मागच्या मुलाचें मात्र, चित्रण तेंच असून, पाव तास झाला तरी संपेना. अमरावतीच्या गाडीची वेळ झाली, तेव्हां त्यानें कंटाळून पेन ड्राइव्ह उपटून घेतला. आणि घरीं जाऊन पाहतो तों चित्रण उघडेचना! दोघांच्याहि वेष्टनांवर अक्षरें एकच होतीं : ‘यूएसबी ३.०’. मग हा भेद कशाचा?

बडनेऱ्याच्या मुलांस हें समजण्यास अवघड नाहीं. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग आपल्या दारावरून जातो. त्यावरून गाडी कितीहि वेगानें धांवली, तरी मालधक्क्यावर हमाल दोनच असतील तर कापसाच्या गांठी त्यांच्याच गतीनें उतरणार. ‘यूएसबी’चा आंकडा हा मार्गाचा आंकडा आहे, हमालांचा नव्हे. सन २००० मध्यें निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीचा मार्ग सेकंदास ४८० मेगाबिटांचा, २००८ मधील तिसरीचा ५ गिगाबिटांचा. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४८० मेगाबिट म्हणजे ६० मेगाबाइट, आणि त्यांतूनहि प्रत्यक्ष हातीं ३०-४०च लागतात. तिसरींत आठ बिटांसाठीं दहा पाठवावे लागतात, त्यामुळें फार तर ५०० मेगाबाइट. याच मार्गास पुढें ‘३.१ जेन १’ आणि ‘३.२ जेन १’ अशीं नांवें मिळालीं. आंकडा वाढला, वेग जेथल्या तेथें राहिला. बारसें केल्यानें मूल वाढत नाहीं!

खरा हमाल म्हणजे आंतली ‘नॅंड फ्लॅश’ स्मृति. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं ती १९८७ सालीं जगापुढें मांडली. तिच्यांतून वाचणें सोपें, लिहिणें कष्टाचें. नवें लिहिण्यापूर्वीं जुनें पुसावें लागतें, आणि पुसतांना एक पान पुसून भागत नाहीं. अनेक पानांचा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. शिवाय स्वस्त स्मृतींत एकेका कोठडींत तीन-तीन बिट कोंबलेले असतात. ते नीट बसविण्यास वेळ लागतो. म्हणून कांहीं पेन ड्राइव्ह थोड्या जागेंत एकेकच बिट ठेवून ती झपाट्यानें भरतात. ती संपली कीं वेग धाडकन उतरतो. चार छायाचित्रें पाठवून ‘उत्तम आहे’ म्हणणाऱ्याची फसगत येथेंच होते.

वेष्टनावर ‘१५० मेगाबाइटपर्यंत’ असें असलें तर तो वेग बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा पुष्कळदां छापीतच नाहींत. आतां हिशेब करा. चित्रण ८ गिगाबाइट, म्हणजे ८००० मेगाबाइट, आहे असें समजूं. सेकंदास ८० लिहिणारा पेन ड्राइव्ह १०० सेकंदांत मोकळा होतो. ८ लिहिणाऱ्यास १००० सेकंद, म्हणजे सुमारें १७ मिनिटें लागतात.

दुकानदार वेष्टन उघडूं देणार नाहीं हें खरें. म्हणून जो घ्यावयाचा तोच ज्या मित्रापाशीं असेल त्याचा तासभर मागून आणावा. संगणक एक, खांच एक, भार एक, आणि हातांत घड्याळ. एक मोठें चित्रण घ्यावें. मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरविलेलीं पाठ्यपुस्तकें आणि शेंकडों छायाचित्रें असा फुटकळ माल घ्यावा, कारण लहान फाइली पुष्कळ असल्या कीं वेग फार घटतो. पट्टी शेवटास पोंचली म्हणून घड्याळ थांबवूं नये; कधीं कधीं संगणक माल स्वतःच्या स्मृतींत अडकवून ठेवतो. पेन ड्राइव्ह सुरक्षित काढण्याची अनुज्ञा मिळेल तोंवर वेळ मोजावा. ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ हा मोफत कार्यक्रमहि वापरतां येतो; परंतु तो आपण होऊन १ गिगाबाइटच लिहून पाहतो. तेवढें त्या झपाट्याच्या जागेंतच मावूं शकतें, म्हणून आंकडा मोठा करून घ्यावा.

पालकांनीं आणखी एक पाहावें. घरच्या संगणकाची खांच दुसऱ्या आवृत्तीची असेल (तिसरीची जीभ बहुधा निळी असते) तर महाग पेन ड्राइव्ह घेऊनहि ३०-४०च्या पुढें मजल जाणार नाहीं. ते पैसे दुसऱ्या कामास लावावे.

विकत घेतल्यावर पावती जपावी, आणि पहिल्याच दिवशीं पेन ड्राइव्ह कांठोकांठ भरून पुन्हां वाचून पाहावा. खोट्या क्षमतेचा माल बाजारांत असतो, आणि ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा कार्यक्रम तो उघडकीस आणतो. मात्र ६४ गिगाबाइटच्या जागीं संगणकानें ५९.६ दाखविले तर दुकानदाराशीं भांडूं नये. तो हजारानें मोजतो, संगणक १०२४ नें.