लाटांमधली काळी वाट

समजा सुटीत तुम्ही समुद्रकिनारी गेला आहात. समोर लाटा फुटत आहेत. डावीकडे पांढराशुभ्र फेस, उजवीकडेही तसाच फेस; मधे मात्र वीस-पंचवीस पावले रुंदीचा एक पट्टा असा आहे, की तेथे लाटा फारशा फुटतच नाहीत. तेथले पाणी जरा काळपट आणि शांत दिसते. बरोबर धाकटी बहीण आहे, आणि तिला लाटांची भीती वाटते. तिला घेऊन तुम्ही पाण्यात कोठे उतराल?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक हात मधल्या शांत पट्ट्यासाठी वर होतील. नेमकी तीच जागा सर्वांत धोक्याची असते!

या काळ्या पट्ट्यातून पाणी किनाऱ्याकडे येत नसते, ते किनाऱ्याकडून समुद्रात परत जात असते. इंग्रजीत याला 'रिप करंट' म्हणतात. हे नाव १९३६ साली फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाने सुचवले. आपण या लेखापुरते त्याला 'परतप्रवाह' म्हणू.

तो तयार कसा होतो ते आता पाहू. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा असतो, शेताच्या बांधासारखा. लाट खोल पाण्यात फुटत नाही. एक मीटर उंचीची लाट घ्या. पाण्याची खोली सव्वा-दीड मीटर उरली, की ती कोसळते. म्हणून लाटा या बांधावर येऊन फुटतात आणि आपल्याबरोबर पुष्कळ पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. किनाऱ्यालगतची पातळी त्यामुळे काही सेंटीमीटर चढते. काही सेंटीमीटर म्हणजे फार नव्हे, असे तुम्हाला वाटेल. पण किनाऱ्याच्या सगळ्या लांबीवर हे पाणी साठत असते आणि त्याला परत जायला वाट हवी असते. बांध जेथे फुटलेला असतो तेथे ती मिळते. शेतातले पाणी बांधाच्या फटीतून कसे जोराने बाहेर पडते, हे तुमच्यापैकी खेड्यातल्या मुलांना सांगायला नको.

आता गंमत अशी, की बांध फुटलेला असल्यामुळे त्या जागी पाणी खोल असते. खोल असते म्हणून तेथे लाटा फुटत नाहीत, फेस होत नाही, पाणी शांत आणि काळपट दिसते. म्हणजे ज्या कारणाने जागा धोक्याची होते, त्याच कारणाने ती सुरक्षित भासते.

परतप्रवाहाची रुंदी बहुधा दहा ते तीस मीटर असते. वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो. क्वचित तो २.४ मीटरपर्यंतही गेलेला आढळतो. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत ४६.४० सेकंदांचा विश्वविक्रम झाला. भागाकार करून पाहा, सेकंदाला २.१६ मीटर येतात. मग तुमची-आमची काय कथा! समजा तुम्ही तलावात २५ मीटर ४० सेकंदांत पोहता; तुमचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या थोडा वर झाला. प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल, तर जीव तोडून किनाऱ्याकडे दोन मिनिटे पोहल्यावर तुम्ही जेथून निघालात त्याच्या ४५ मीटर मागे असाल, आणि हातापायांतले बळ संपलेले असेल. माणसे बुडतात ती बहुधा या दमण्याने. परतप्रवाह कोणालाही तळाशी ओढत नाही. तो बाहेर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे गेला की त्याचा जोर ओसरतो.

अशा समुद्राने घेतलेले बळी आपल्याला अपरिचित नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बाँडाय किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी एकामागून एक आलेल्या मोठ्या लाटांचे पाणी परत फिरले आणि शेकडो माणसे एकदमच आत ओढली गेली. त्या दिवशी जीवरक्षक मोठ्या संख्येने किनाऱ्यावर हजर होते म्हणून मृतांचा आकडा पाचावर थांबला.

तुम्ही म्हणाल, आता उपग्रह आहेत, कॅमेरे आहेत, चित्र पाहून ओळखणारे संगणक आहेत. मग एखादे यंत्र हा प्रवाह शोधून आपल्याला सांगत का नाही? प्रश्न योग्य आहे, आणि त्यावर कामही पुष्कळ झाले आहे.

उपग्रहापासून सुरुवात करू. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब-रुंद चौकोन. परतप्रवाहाची रुंदी आठवा. चित्रात तो एक ते तीन ठिपके भरेल. शिवाय उपग्रह त्याच जागेवर पुन्हा काही दिवसांनी येणार आणि मधे ढग आले तर काहीच दिसणार नाही. समुद्र काही त्याच्यासाठी थांबून राहत नाही.

किनाऱ्यावर उंच खांबाला लावलेला कॅमेरा यापेक्षा बरा. अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात रॉब होल्मन यांनी १९८० नंतरच्या दशकात एक साधी पण नामी युक्ती वापरली. एकच छायाचित्र न घेता दहा मिनिटांत शेकडो चित्रे घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. एकेकटी लाट पुसली जाते. जेथे लाटा वारंवार फुटतात तेथे पांढरा पट्टा उमटतो, आणि जेथे फुटत नाहीत तेथे काळी फट दिसते. पाण्याखालचा वाळूचा बांध पाण्यात न उतरता कागदावर आला! या पद्धतीला 'आर्गस' हे नाव मिळाले. अशी चित्रे दाखवून संगणकाला काळी फट ओळखायला शिकवण्याचे प्रयोगही अलीकडे झाले आहेत आणि ते बरेच यशस्वी झाले आहेत.

पण या युक्तीची दुबळी बाजू तिच्यातच आहे. दहा मिनिटांची सरासरी म्हणजे दहा मिनिटे लोटल्यावरचे उत्तर. काही परतप्रवाह वाळूतल्या फटीवर अवलंबून नसतात. मोठ्या लाटांचा एक घोळका येतो, पाणी साठते आणि कोठेतरी वाट काढून दोन-चार मिनिटांत निघून जाते. सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही. काही प्रवाह कातळाला किंवा जेटीला लागून वाहतात. तेथे दोन पांढऱ्या पट्ट्यांमधली फट नसतेच. मावळतीचा सूर्य कॅमेऱ्यासमोर आला, की सगळे पाणी चकाकते. आणि संगणक तर तेवढेच ओळखतो, जेवढे त्याला दाखवले गेले. निळ्या पाण्याच्या किनाऱ्यावर शिकलेला संगणक आपल्या गढूळ पाण्यावर आणून बसवला, तर त्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, भरती-ओहोटीची. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी जो बांध उघडा पडलेला असतो, त्याच्यावर दुपारी दोन पुरुष पाणी असते. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी. त्यातून पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू आत ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर ती हळूहळू परत येते. गणपतीत पाहिलेला किनारा नाताळात तसाच सापडेल, असे धरून चालू नका.

बरे, प्रवाह दिसला नाही तरी त्याचा अंदाज बांधता येईल का? येतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने २०२१ साली असे गणित सुरू केले, की लाटांची उंची, दिशा, पाण्याची पातळी वगैरेंवरून पुढच्या सहा दिवसांतील प्रत्येक तासाला परतप्रवाहाची शक्यता किती टक्के, ते सांगता येते. पण हे हवामानाच्या अंदाजासारखेच आहे. 'आज पुणे परिसरात पाऊस' एवढ्यावरून तुमच्या गल्लीत किती वाजता पडेल ते कळत नाही. शक्यता संबंध किनाऱ्याची असते, आणि तुम्ही उभे असता दहा मीटरांत.

आणि अंदाज अचूक असला तरीही काय होते पाहा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आपल्या समुद्रातील लाटांचे अंदाज देते. २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभी तिने केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यांना इशारा दिला होता. काही दिवसांपूर्वी दक्षिणेच्या दूरच्या महासागरात झालेल्या वादळाने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येणार होत्या. केरळात या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नसतो, आभाळ निरभ्र असते आणि पाणी अचानक चढते. लाटा सांगितल्याप्रमाणे आल्या. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी बुडाले. यंत्रांनी आणि गणिताने आपले काम केले होते. मला या विषयातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित सेवा आहे. त्यांच्या मदतीला २०२३ साली 'ऑरस' नावाचा चाकांवर फिरणारा यंत्रमानव आणि 'ट्रायटन' नावाची कॅमेऱ्यांची व्यवस्था आणण्यात आली. जेथे पोहण्यास मनाई आहे तेथे कोणी उतरू लागले, की लोकांना सावध करायचे आणि जीवरक्षकाला खबर द्यायची, हे त्यांचे काम. पाण्यात झेप घेण्याचे काम माणसाकडेच आहे. यंत्राने खरोखर जीव वाचवल्याचे उदाहरणही सांगायला हवे. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात लेनॉक्स हेड येथे मोठ्या लाटांत सापडलेल्या दोन मुलांजवळ ड्रोनने तरंगती पिशवी टाकली. उडण्यापासून पिशवी टाकेपर्यंत सुमारे ७० सेकंद लागले. ती मुले धडधाकट होती, पिशवीला धरून किनाऱ्याला लागली.

पण ७० सेकंद पुरेच असतात असे नाही. न्यू यॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांची चित्रफीत घेऊन बारकाईने पाहिली. न पोहणारा माणूस पृष्ठभागावर अवघी वीस ते साठ सेकंद धडपडतो, आणि ओरडत नाही! तोंड क्षणभर वर येते तेवढ्यात श्वास घेणेच जमत नाही, हाका कोठून मारणार? हात हलवून कोणाला बोलावणेही त्याला शक्य नसते. हात पाणी खाली दाबत राहतात. सिनेमातले बुडणे विसरा.

तर मग किनाऱ्यावर गेल्यावर करायचे काय? लाल-पिवळे दुरंगी निशाण दिसले, तर तशा दोन निशाणांमधेच उतरा; नुसते लाल असेल तेथे मुळीच नको. निशाणही नाही आणि जीवरक्षकही नाही, अशा जागी तेथल्या कोळी बांधवांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर हट्ट धरू नका. ओढ लागलीच, तर किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड सोडून प्रथम पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, पांढऱ्या लाटांच्या दिशेने सरका. पूर्वी हाच एक नियम सांगत असत. २०१० च्या सुमारास जेमी मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यावर तरंगणारी स्थाननिश्चितीची यंत्रे परतप्रवाहात सोडली, तेव्हा त्यांपैकी बरीचशी बाहेर न जाता गोल फिरून पुन्हा उथळ पाण्याकडे येताना दिसली. म्हणून एका बाजूला जमेना तर दमू नका, तरंगा किंवा दुसरी बाजू धरा. दुसरा कोणी बुडत असेल, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. बंद झाकणाचा रिकामा डबा, फुगवलेली ट्यूब, दोर, जे हाताशी असेल ते फेका आणि माणसे गोळा करा.

पुढच्या सहलीत एक प्रयोग करा. किनाऱ्याजवळच्या एखाद्या उंच, सुरक्षित जागेवर, टेकडीवर किंवा गच्चीवर, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. दर पाच सेकंदांनी एक याप्रमाणे दहा मिनिटांत १२० छायाचित्रे घ्या. शाळेच्या संगणकावर ती एकावर एक ठेवून सरासरी काढा. तुमचे छोटे आर्गस तयार झाले. मग सहा तासांनी, भरती-ओहोटी बदलल्यावर, त्याच जागेवरून दुसरे चित्र काढा. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवा आणि काळी वाट आहे तेथेच आहे का, ते पाहा.