दुसरं तोंड मिळालेली खाडी

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या दक्षिणेला मॅन्डुराह शहरालगत पील-हार्वी खाडी आहे. विस्तार सुमारे 130 चौरस किलोमीटर, पण बऱ्याच भागात पाणी जेमतेम कमरेपर्यंत. इथले मूळ रहिवासी बिंदजरेब नूंगर लोक खाडीला ‘जिल्बा’ म्हणतात.

खाडीचे दोन भाग आहेत: उत्तरेला गोलसर पील, तिच्या दक्षिणेला किनाऱ्याला समांतर गेलेली लांबट हार्वी. तीन नद्या या खाडीला येऊन मिळतात. समुद्राकडे जायला मात्र पूर्वी मॅन्डुराहजवळची एकच चिंचोळी वाट होती. तिथली भरती मुळातच मीटरभराच्या आतली. या वाटेने आत शिरेपर्यंत तिचा जोर ओसरायचा आणि हार्वीचं पाणी साचल्यासारखं राहायचं.

त्यात भर पडली सुपर फॉस्फेट या स्फुरदयुक्त खताची. भोवतालची जमीन रेताड, स्फुरद धरून न ठेवणारी. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आणि पावसाळाही. त्या पावसात शेतातला स्फुरद वाहून खाडीत यायचा. डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं तो शोषायची, मरून तळाशी बसायची. वसंतात पाणी तापलं की तळाचा गाळ तोच स्फुरद परत सोडायचा आणि नोड्युलेरिया हे विषारी नीलहरित शेवाळ माजायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ते चकत्यांच्या चळतीसारखं दिसतं, तंतूत मधूनमधून वेगळ्या पेशी. या पेशी हवेतला नायट्रोजन वापरात आणतात, त्यामुळे स्फुरद मिळाला की त्याचं फारसं काही अडत नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून खाडी उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी दाट व्हायची, काठावर कुजका वास दाटायचा.

यावर उपाय म्हणून 1994 मध्ये डॉसव्हिल इथे किनाऱ्याची टेकाडं कापून अडीच किलोमीटर लांबीचा कालवा खुला झाला. समुद्र थेट आत येऊ लागला, खारेपणा वाढला. नोड्युलेरियाला मचूळ पाणी मानवतं, खारं नाही. मुख्य खाडीतला त्याचा सुळसुळाट थांबला. माझ्या मते हे अभियांत्रिकीचं मोठंच यश आहे. पण भरती वाढली तशी काठची खाजणं वारंवार भिजू लागली आणि तिथे डासांची पैदास वाढली. हे डास रॉस रिव्हर विषाणू पसरवतात.

शिवाय कालव्याने खाडी धुतली, नद्या नाहीत. सर्पेंटाइन आणि मरे नद्यांच्या खालच्या टप्प्यात अजूनही शेवाळ माजतं, मासे मरतात, कारण शेतातला स्फुरद अजून येतोच आहे.