मोकळ्या चित्राची प्रत घेताना

‘चित्रात आहेच काय? दोन पट्टे आणि बाकी मोकळी जागा. प्रत कुठलीही घ्या, सारखीच!’ अमूर्त चित्रांची प्रिंट घेणारे अनेकजण असंच समजतात. खरं तर अगदी उलट आहे. गजबजलेल्या निसर्गचित्रात छपाईची चूक झाडापानांत लपून जाते. मोकळ्या चित्रात तिला आडोसाच नसतो. फिकट पिवळा हळूहळू गडद होत जायला हवा, तिथे कमअस्सल छपाईत पायऱ्या दिसू लागतात आणि चित्र संपतं. २४ × ३६ इंचांच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर ७२०० × १०८०० पिक्सेलची फाइल लागते. नेटवरून उतरवलेला फोटो मोठा करून ते साधत नाही.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. त्या थरांमुळेच उजेड आतून आल्यासारखा वाटतो. प्रत रंग देईल, थर देणार नाही. ‘कॅनव्हासवर छापलं की अस्सल वाटतं’ हाही भ्रमच, कारण छापील पोत आणि खालच्या कापडाची वीण एकमेकांशी भांडतात. अशा चित्राला सुती, आम्लरहित, चकाकी नसलेला कागद जास्त मानवतो, असं मला वाटतं.

‘झिक्ले’ हा शब्द दिसला की लोक निर्धास्त होतात. १९९१ मध्ये जॅक डुगान यांनी इंकजेट छपाईला दिलेलं ते नाव. दर्जाची हमी नव्हे. विचारायचं ते हे: शाई पिगमेंटची की डायची? डायची सहसा लवकर उडते. ‘१२/५०’ (पन्नासांतली बारावी) असा आकडा घातल्यानेही प्रत मूळ कलाकृती होत नाही. चित्रकाराने स्वतः प्लेट तयार करून काढलेलं एचिंग वेगळं आणि तैलचित्राच्या फोटोची मर्यादित आवृत्ती वेगळी.

‘चित्रकार गेला, आता कुणीही छापावं’? भारतात स्वामित्वहक्क निधनानंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या वर्षारंभापासून होते. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत त्यांच्या चित्रांना संरक्षण आहे. १९४४ मध्ये गेलेल्या चित्रकार माँद्रियानचं तसं नाही. परवानगी कुणाची, हे विक्रेत्याला जरूर विचारा. त्यात संकोच कसला?

राहिली फ्रेमची काच. साधी काच अतिनील किरण पुरते अडवत नाही, म्हणून उन्हासमोरची भिंत टाळावी. पैसे वाचवायला माउंट गाळू नका: प्रिंट काचेला टेकली, की पावसाळ्यातल्या दमटपणात ती चिकटते आणि सोडवताना रंगासकट निघते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावून घ्या, म्हणजे ओलसर भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहील.