नवा ट्रॅक्टर घेताय? एचपीइतकंच गिअरबॉक्सबद्दलही विचारा!

शोरूममध्ये आपण एचपी, मायलेज आणि हप्ता विचारतो. पण दिवसभर हात असतो तो गिअरवर. म्हणून गिअरबॉक्सचे हे तीन प्रकार नीट समजून घ्या.

🔹 स्लायडिंग मेश: गिअर बदलताना दातेरी चाकंच सरकून एकमेकांत अडकतात. रचना साधी, दुरुस्ती सोपी. पण ट्रॅक्टर थांबवूनच गिअर टाकावा लागतो. घाई केली की दाते झिजतात.

🔹 कॉन्स्टंट मेश: चाकं कायम एकमेकांत गुंतलेली, सरकतो तो फक्त जोडणारा भाग. आवाज कमी, गिअर हलका, आयुष्य जास्त. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी अशा रोजच्या कामाला उत्तम.

🔹 सिंक्रोमेश: दोन्ही भागांचा वेग आधी जुळतो, मग गिअर पडतो. त्यामुळे चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलता येतो. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांना फार उपयोगी.

गिअरची संख्याही बघा. ८+२ म्हणजे ८ पुढचे, २ मागचे. १२+३ मध्ये वेगाचे टप्पे जवळजवळ असतात. रोटाव्हेटरला पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचे) मिनिटाला ५४० फेरे कायम ठेवून ट्रॅक्टर हळू चालवायचा असतो, तिथे योग्य टप्पा मिळतो. अगदी संथ चालीसाठी क्रीपर गिअर, तर लोडरच्या सततच्या पुढे-मागे करण्यासाठी शटल घ्या.

क्लच ड्युअल आहे का, हेही विचारा. अर्धा दाबला की ट्रॅक्टर थांबतो, पीटीओ फिरत राहतो.

आणि डेमो आपल्याच रानात, आपलंच अवजार जोडून मागा.