जुन्या लष्करी ट्रकांतील विजेचा दोष

दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४१ ते १९४५ या काळांत, अमेरिकेंत तयार झालेले जी. एम. सी. बनावटीचे अडीच टनी लष्करी ट्रक हौशी लोक अद्यापि जतन करून चालवितात. असा ट्रक सुरू होईनासा झाला कीं मालक आधीं नवी बॅटरी आणतो; आणि पुष्कळदां तो पैसा फुकट जातो.

या ट्रकाची वीजरचना ६ व्होल्टांची आहे. तेंच काम १२ व्होल्टांवर होण्यास लागेल त्याच्या दुप्पट प्रवाह येथें लागतो. म्हणून सांध्यावरील थोडाही गंज भारी पडतो. प्रवाह बॅटरींतून तारेनें जातो, परंतु परततो तो लोखंडी सांगाड्यांतून. जमाखर्चाची एकच बाजू तपासून हिशेब मिळत नाहीं, तसेंच हें आहे. डागडुजी करतांना सांगाड्यास दिलेला नवा रंगही ही परतीची वाट अडवितो.

प्रथम बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भरलेलीचा तो सुमारें ६.३ व्होल्ट असतो. मग गिअर व इग्निशन सोडवून, व्होल्टमीटरचें एक टोंक सांगाड्यास जोडलेल्या बॅटरीच्या खुंटीस व दुसरें एंजिनाच्या उघड्या लोखंडास लावावें आणि सोबत्याकडून स्टार्टर फिरवावा. कांटा पाव व्होल्टाच्या पुढें गेल्यास दोष परतीच्या वाटेंत आहे असें समजावें. बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडून सर्व सांधे कांचकागदानें लखलखीत घांसावे व घट्ट आवळावे. बॅटरीजवळ विडी-काडी मुळींच नेऊं नये. तिच्यांतील वायु पेट घेतो.

६ व्होल्टांच्या जुन्या ट्रॅक्टरासही हाच नियम लागू आहे. आधीं सांधा पाहावा, मग थैलीस हात घालावा.