'पास'ला 'आउट' कधी जोडायचं?

लेक नोकरीला लागली आणि घर सकाळी दहालाच शांत व्हायला लागलं. म्हटलं, आता आपणही काहीतरी करावं. घराजवळच एका ऑफिसात जागा निघाली होती. अर्ज मात्र इंग्रजीत हवा होता. दोन रात्री जागून लिहिला. सुरुवातच अशी, 'आय पास्ड आउट इन १९९४.'

अमेरिकेतल्या भाचीला तो वाचायला पाठवला. फोनवर तिला हसू आवरेना. "मावशी, चौऱ्याण्णव साली तुला चक्कर आली होती का गं?"

मी खट्टू झाले. आमच्या पुण्यात तर प्रत्येक जण कॉलेजातून 'पास आउट' होतो! पण डिक्शनरी काढून बघितलं, तर भाचीचंच खरं निघालं. 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. आपण घेतो तो अर्थ भारतात चालतो, बाहेरच्या वाचणाऱ्याचा मात्र गोंधळ उडतो.

क्रियापदाला छोटासा शब्द चिकटला की अर्थच पालटतो. आपल्याकडे नाही का, लग्न 'पार पडतं'? तिथे कोण पडतं? तसंच हे.

गंमत म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत याचा आणखी एक अर्थ आहे, लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं. तो तर आपल्या पुण्यातच भेटतो! खडकवासल्याच्या एनडीएची 'पासिंग आउट परेड' ती हीच. ३० मे २०२५ रोजी तिथून पहिल्यांदाच मुली बाहेर पडल्या. तीनशेहून जास्त मुलांबरोबर १७ जणी! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेश परीक्षेला बसू दिलं, म्हणून हा दिवस दिसला. पदवी त्यांना आदल्या दिवशीच मिळाली होती. म्हणजे तिथेही पदवी वेगळी आणि 'पास आउट' वेगळं.

तेव्हा मैत्रिणींनो, अर्जात 'आय ग्रॅज्युएटेड इन १९९४' असं लिहा. परीक्षेबद्दल लिहायचं तर 'आय पास्ड द एक्झाम' पुरे, 'आउट' नको. 'पास आउट' खडकवासल्याच्या मुलामुलींसाठी राहू द्या.

मी वाक्य बदललं आणि अर्ज पाठवला. आठवड्याने मुलाखतीला बोलावणं आलं. लेक म्हणाली, "आई, तिथे मात्र पास आउट होऊ नकोस हं!"